दुडकीत उठावे की बसावे?

घोडेस्वारी शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी

महाबळेश्वरला वेण्णा तळ्याकाठी किंवा पाचगणीच्या टेबललँडवर घोड्यावरून एक फेरी मारून आलेल्या माणसाला विचारा. तो सांगेल, घोडा पावलापावलाने चालत होता तोवर राजासारखे वाटत होते; घोडेवाल्याने जरा पळवला मात्र, अंगातली हाडे खिळखिळी झाली! ज्या चालीत ही हाडे खिळखिळी होतात तिला आपल्या मराठीत ‘दुडकी’ म्हणतात. इंग्रजीत तिचेच नाव ‘ट्रॉट’.

घोडेस्वारी शिकणाऱ्या प्रत्येकाची पहिली खरी गाठ या दुडकीशीच पडते. शिकणारा मुलगा किंवा मुलगी काही महिन्यांनी पहिल्या छोट्या परीक्षेला उभी राहते, तेव्हा तिच्यापुढे प्रश्न येतो : दुडकीत खोगिरावर बसून राहावे, की घोड्याच्या ठेक्यावर उठत-बसत जावे? कुंपणाबाहेर उभे असलेले वडील, मामा, शेजारी यांचे मत ठरलेले असते. ‘अरे, उठबशा काय काढतोस? मांड ठोकून बस की!’ ऐकायला हे मर्दानी वाटते. पण नवशिक्याच्या बाबतीत हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो. त्याने मुलाचे गुण जातात आणि घोड्याची पाठ दुखते. असे का, ते समजून घेऊ.

आपल्या मुलांचा घोड्याशी संबंध कोठे येतो?

घोडा पाळणे हे आपल्यासारख्या कष्टकरी घरांचे काम नाही, हे खरे. चारा, खुराक, नाल, औषधपाणी, मोतद्दाराचा पगार यांचा हिशेब मांडला की पगारदार माणसाचा महिना संपून जातो. पण घोड्यावर बसायला घोडा आपल्या मालकीचा असावाच लागतो असे नाही. मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे तो बारगीर. सातारा ही छत्रपतींची राजधानी आणि सांगली-मिरज हा पटवर्धन सरदारांचा मुलूख. दोन्हीकडे बारगिरांनी मोठमोठ्या मोहिमा मारल्या.

आजही बारगिराची वाट मोकळी आहे. एन. सी. सी. मध्ये ‘रिमाउंट अँड व्हेटरनरी’ नावाची वेगळी पथके असतात. त्यांतील कॅडेटना घोडेस्वारी शिकवली जाते. ही पथके बहुधा पशुवैद्यक महाविद्यालयांशी जोडलेली असतात. तेव्हा अशा महाविद्यालयात प्रवेश घेताना तिथे हे पथक आहे का, एवढे जरूर विचारावे. दुसरी वाट सैन्याची. देशातील पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यातच सुरू झाली. तिचा उद्देश मुलांना खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी तयार करणे हा आहे. प्रबोधिनीत कॅडेटना घोड्यावर बसवले जाते. २०२१-२२ पासून सैनिक शाळांत मुलींनाही प्रवेश मिळू लागला आणि २०२२ मध्ये प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली. म्हणजे साताऱ्या-सांगलीच्या एखाद्या कष्टकऱ्याच्या घरातील मुलीला अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, घोड्यावर चढण्याचा हुकूम होऊ शकतो. त्या वेळी तिला दुडकी हा शब्द नवा वाटू नये.

सैन्यातील साधा जवानही या खेळात कोठवर जाऊ शकतो, याचे उदाहरण दफेदार रघुवीर सिंग यांचे. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी ‘इव्हेंटिंग’ या प्रकारात वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन सुवर्णपदके मिळवली. ते ६१ कॅव्हलरीचे स्वार. घोडा सरकारी, मेहनत स्वतःची. इव्हेंटिंगमध्ये ड्रेसेज, क्रॉस कंट्री आणि अडथळ्यांवरून उड्या, अशा तीन परीक्षा असतात. त्यांतील पहिली असते ड्रेसेजची.

ड्रेसेज म्हणजे काय?

‘ड्रेसेज’ हा फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ घोड्याला शिकवून तयार करणे. कपड्यांशी त्याचा काही संबंध नाही. आखीव आयताकृती मैदान असते. नवशिक्यांसाठी ते बहुधा २० मीटर रुंद आणि ४० मीटर लांब असते, मोठ्या परीक्षांसाठी २० बाय ६०. कडेला ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ अशी अक्षरांच्या पाट्या लावलेल्या असतात. स्वाराने ‘ए’कडून आत यायचे, मध्यभागी थांबून परीक्षकाला सलाम करायचा आणि मग कागदावर छापलेल्या क्रमाने हालचाली करायच्या. अमुक अक्षरापासून दुडकी, तमुक ठिकाणी २० मीटर व्यासाचे वर्तुळ, पुढे कॅण्टर म्हणजे तीन ठेक्यांची धाव, पुन्हा दुडकी, मग लगाम सैल सोडून चालणे, शेवटी थांबून पुन्हा सलाम.

प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण. पाच म्हणजे जेमतेम, सहा समाधानकारक, सात बरे, आठ चांगले. शेवटी बेरीज करून टक्केवारी काढतात. शाळेच्या गुणपत्रिकेसारखाच प्रकार. फरक एवढाच की या पेपरात दोघे बसलेले असतात, एक स्वार आणि एक घोडा, आणि गुण दोघांचे मिळून असतात.

एक गोष्ट मुलींच्या आईवडिलांनी ध्यानात ठेवावी. ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीच्या स्पर्धेत स्त्री-पुरुष वेगळे नसतात. एकाच मैदानात, एकाच परीक्षेत, एकाच यादीत दोघांचे गुण लागतात. इथे ताकदीपेक्षा तोल आणि संयम यांना किंमत आहे.

दुडकीचा धक्का कोठून येतो?

घोडा साधा चालतो तेव्हा चार पाय एकामागून एक पडतात; चार ठेके होतात. दुडकीत पाय जोडीने पडतात. पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम, मग पुढचा उजवा आणि मागचा डावा एकदम. दोन ठेके. आणि या दोन ठेक्यांच्या मध्ये एक क्षण असा येतो की चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात. सातारा, सांगली, मिरज या गावांत टांगे धावत होते त्या काळातील माणसांच्या कानांत तो ‘टप्‌टप्‌, टप्‌टप्‌’ आवाज अजून असेल. टांग्याचा घोडा दुडकीनेच धावे. पण टांग्यात आपण चाकांवर बसलेलो असतो, घोड्याच्या पाठीवर नाही. म्हणून धक्का जाणवत नसे.

पाठीवर मात्र प्रत्येक ठेक्याला स्वार वर फेकला जातो आणि खाली येतो. आपल्याकडच्या जुन्या स्वारांना ‘रवाल’ चालीचा घोडा फार प्रिय होता, कारण रवाल चालीत पाय वेगळ्या क्रमाने पडतात आणि पोटातले पाणी हलत नाही. ड्रेसेजमध्ये रवाल चालत नाही. तिथे स्वच्छ दोन ठेक्यांची दुडकीच लागते. म्हणून तो धक्का कसा पचवायचा, हे शिकावेच लागते.

त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, एका ठेक्याला खोगिरावरून किंचित उठायचे आणि दुसऱ्या ठेक्याला हलकेच टेकायचे. ही उठती दुडकी. दुसरा, अजिबात न उठता कमरेचा आणि पाठीचा खालचा भाग सैल ठेवून घोड्याच्या पाठीबरोबर हलत राहायचे. ही बसती दुडकी. इंग्रजीत उठत्या दुडकीला ‘पोस्टिंग’ असेही म्हणतात. पूर्वी युरोपात टपालाच्या गाड्यांना जोडलेल्या घोड्यांपैकी एकावर गाडीवान स्वतः बसत असे आणि कोसच्या कोस दुडकीने जात असे. दिवसभर आपटून घेण्यापेक्षा तो उठत-बसत जाई. त्यावरून हे नाव पडले.

नवशिक्या बसतो तेव्हा काय होते?

बसती दुडकी पाहायला सोपी वाटते. स्वार नुसता बसलेला तर दिसतो! खरे तर घोड्याची पाठ प्रत्येक ठेक्याला वर-खाली होते, शिवाय डावी-उजवीही हलते. चांगल्या स्वाराची कंबर त्या हालचालीबरोबर जाते, म्हणून तो स्थिर दिसतो. नवशिक्याची कंबर अजून ताठ असते. धक्का बसला की तो भीतीने गुडघे आवळतो. गुडघे आवळले की बूड खोगिरावरून सुटते आणि तो आणखी उंच उडतो. तोल जाऊ नये म्हणून तो लगाम ओढतो. लगामाची कडी घोड्याच्या तोंडात असते, ती तिथे टोचते. घोडा मान वर करतो, पाठ खाली दाबतो, पावले आखडती टाकतो. पाठ ताठ झाली की धक्के आणखी कडक बसतात. असे हे चक्र फिरत राहते.

यात खरा भोगणारा घोडा. शिकवणीच्या घोड्यावर दिवसाला किती मुले बसतात याचा विचार करा. प्रत्येकाने त्याच्या पाठीवर पोते आपटावे तसे आपटायचे ठरवले तर संध्याकाळी त्या मुक्या प्राण्याची काय अवस्था होईल? त्याला ‘दुखते’ असे सांगता येत नाही. तो कान मागे पाडतो, शेपूट झटकतो, खोगीर चढवताना चावायला येतो. मग लोक म्हणतात, घोडा खोडकर आहे.

उठत्या दुडकीत निम्मे ठेके तरी पाठीला उसंत मिळते. मुलालाही एक निश्चित काम असते, त्यामुळे तो भीती विसरतो आणि ठेका धरतो.

नियम काय सांगतो?

परीक्षेचा छापील कागद नीट वाचणे ही पहिली गोष्ट. दुडकी कशी करायची, हे त्यावर किंवा नियमावलीत लिहिलेले असते. निरनिराळ्या देशांत नियम थोडे निराळे आहेत. अमेरिकेत अगदी पहिल्या पायरीच्या परीक्षांत उठती दुडकीच करायची असते, आणि त्याच्या वरच्या पायरीवर निवड स्वाराची. ब्रिटनमध्येही प्रारंभीच्या परीक्षांत उठायचे की बसायचे हे स्वार ठरवतो. ऑलिंपिकच्या ‘ग्रां प्री’ परीक्षेत मात्र दुडकी बसूनच करावी लागते. आपल्याकडे ज्या स्पर्धेत उतरायचे तिचा कागद उस्तादाकडून आधी मागून घ्यावा आणि ‘सिटिंग’ की ‘रायझिंग’ हा शब्द कोठे आला आहे ते पेन्सिलीने अधोरेखित करावे. कागद इंग्रजीत असला तर शाळेतल्या बाईंकडून समजून घ्यावा. त्यात लाज कसली?

जिथे निवड स्वारावर सोडलेली आहे तिथे एक गोष्ट पक्की समजावी : बसल्याबद्दल वेगळे गुण नाहीत आणि उठल्याबद्दल गुण कापत नाहीत. परीक्षक पाहतो ते हे, की घोड्याचा ठेका एकसारखा आहे का, तो मोकळ्या अंगाने चालतो का, लगामाशी भांडतो का, वर्तुळ गोल आहे का. स्वाराच्या बैठकीलाही गुण असतात, पण ते तोलाचे आणि शांत हातांचे.

हिशेबच करून पाहू. समजा परीक्षेत दुडकीच्या सहा हालचाली आहेत. मुलगी उठत्या दुडकीने गेली आणि प्रत्येकीला सहा गुण मिळाले, तर झाले ३६. तीच मुलगी हट्टाने बसली, घोडा आखडला, आणि साडेचार-साडेचार मिळाले, तर झाले २७. नऊ गुण गेले. एकूण २०० गुणांच्या परीक्षेत ते साडेचार टक्के होतात. खोट्या ऐटीची ही किंमत.

उठायचे ते कसे?

उठती दुडकी म्हणजे रिकिबीवर दाण्‌कन उभे राहणे नव्हे. घोडा जेवढा वर टाकतो तेवढेच उठायचे. कंबर किंचित पुढे जाते आणि परत येते, गुडघे मोकळे, टाच खाली, हात जागच्या जागी. टेकताना खुर्चीवर झोपलेले मूल जागे होणार नाही इतके हळू टेकायचे.

दुसरी बाब, कोणत्या ठेक्याला उठायचे. घोडा वर्तुळात जात असेल तर बाहेरच्या बाजूचा त्याचा पुढचा खांदा पाहावा. तो पुढे गेला की उठावे, मागे आला की टेकावे. असे केल्याने आतल्या बाजूचा मागचा पाय पुढे येताना त्याच्यावर आपले ओझे नसते आणि घोड्याला वळणे सोपे जाते. दिशा बदलली की बाहेरची बाजू बदलते. तेव्हा एक ठेका जादा बसून, म्हणजे लागोपाठ दोन ठेके टेकून, पुन्हा उठायला लागावे. परीक्षक हे बारकाईने पाहतात. सरावात प्रत्येक वळणावर मनात ‘उठ-बस, उठ-बस-बस, उठ-बस’ असे मोजत गेले की आठवड्या-दोन आठवड्यांत अंगवळणी पडते.

बसायचे ते केव्हा?

याचा अर्थ नवशिक्याने कधीच बसू नये असा नाही. दुडकीतून कॅण्टर घ्यायचा असतो किंवा दुडकीतून चालीवर यायचे असते, तेव्हा आधीचे तीन-चार ठेके बसून घेतले तर घोड्याला स्वाराचा इशारा नीट कळतो. नियम मुभा देत असेल तर हा मध्यम मार्ग उत्तम : वर्तुळे आणि सरळ रेषा उठून, चाल बदलण्याआधी क्षणभर बसून.

संपूर्ण परीक्षा बसून देण्याइतकी तयारी झाली आहे का, हे घरच्या घरी नाही पण सरावाच्या मैदानावर तपासता येते. उठत्या दुडकीने वर्तुळ घ्यावे आणि न थांबता बसून तेच वर्तुळ पुरे करावे. बाहेर उभ्या असलेल्या कोणीही टाळ्यांनी ठेका धरावा. बसल्यावर ठेका तोच राहिला, घोड्याची मान तिथेच राहिली, रिकीब पायातून सुटली नाही आणि मुलाला मोठ्याने आकडे मोजता आले, श्वास अडकला नाही, तर बसायला हरकत नाही. यांतील एक जरी गोष्ट बिघडली तर परीक्षेत उठावे. ठेका मोडला की उठा, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

मांड पक्की होण्यासाठी सराव रोज थोडा करावा. सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे उस्तादाने लांब दोरीवर घोडा गोल फिरवावा आणि मुलाने लगाम न धरता, पुढे रिकीबही काढून, बसायला शिकावे. हातांनी काही करायचे नसले की कंबर आपोआप काम करू लागते. सुरुवातीला दहा ठेके बसावे, दहा ठेके उठावे, मग घोडा चालू द्यावा. दुखायला लागेपर्यंत ताणू नये. स्वार थकला की तो आपटतो, आणि जे आपटत शिकला ते पुढे सुटता सुटत नाही. घोडा लहान, चार-पाच वर्षांचा असेल तर जाणता स्वारही पुष्कळदा उठूनच जातो, कारण त्या घोड्याची पाठ अजून भरलेली नसते. डोक्यावर हेल्मेट तर हवेच. उठा किंवा बसा, त्याला पर्याय नाही.

बसणारे कोठवर पोहोचले?

हँगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत, २६ सप्टेंबर २०२३ रोजी, भारताने ड्रेसेजचे सांघिक सुवर्णपदक मिळवले. १९८२ नंतर घोडेस्वारीत भारताला मिळालेले हे पहिले सुवर्ण, एकेचाळीस वर्षांनी! संघात अनुष अगरवाला, दिव्यकृती सिंग, सुदीप्ती हजेला आणि आपल्या मुंबईचा हृदय छेडा असे चौघे होते, दोन मुलगे आणि दोन मुली. पहिल्या तिघांचे गुण धरले गेले : अनुष ७१.०८८, हृदय ६९.९४१, दिव्यकृती ६८.१७६. बेरीज २०९.२०५. चीनचा संघ २०४.८८२ वर राहिला. पुढे अनुषने वैयक्तिक कांस्यपदकही घेतले आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या ड्रेसेजमध्ये उतरणारा तो पहिला भारतीय ठरला.

हे आकडे मुद्दाम दिले. आशियात पहिला येणारा संघही सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो. तेव्हा आपल्या मुलाला पहिल्या परीक्षेत ५८ किंवा ६० टक्के पडले तर तोंड पाडण्याचे कारण नाही. शाळेच्या टक्क्यांशी या टक्क्यांची तुलना करू नये. आणि हे चौघे युरोपात वर्षानुवर्षे घोड्यांबरोबर राहून, महागडे शिक्षण घेऊन तिथवर गेले, हेही लपवू नये. वाट सर्वांना सारखी सोपी नाही. पण दुडकीचे दोन ठेके सर्वांना सारखेच आहेत, आणि ते शिकायची सुरुवात सगळ्यांनी एकाच तऱ्हेने केलेली असते, उठत-बसत.

पालकांना एवढेच सांगणे. मूल मैदानात असताना बाहेरून ओरडून शिकवू नका. ते काम उस्तादाचे. परीक्षा संपल्यावर गुणपत्रिका घेऊन बसा. प्रत्येक हालचालीपुढे परीक्षकाचा शेरा असतो, तो वाचा. पुढच्या वेळी काय सुधारायचे ते त्यात असते. घोड्याला हिरवा चारा किंवा गाजर द्यायचे ते मुलाच्या हातून द्या, आणि मोतद्दाराला नमस्कार करायला शिकवा. पहाटे उठून त्या घोड्याला खरारा करणारा माणूस तो असतो. शेजाऱ्याने विचारले की तुमची मुलगी अजून उठबशाच काढते का, तर खुशाल हो म्हणा. घोड्याची पाठ सांभाळून ती मांड कमावते आहे. ज्या दिवशी कंबर तयार होईल त्या दिवशी ती आपोआप बसेल, आणि घोड्याला ते कळणारही नाही.